बाहुलीचे जावळ

गेल्या उन्हाळ्यात चिकोडीस आमच्या शेजारच्या घरी एक जावळ झाले. मामाच्या जागी आम्ही पाटावर बसलो होतो आणि आमच्या मांडीवर जे बाळ होते ते सिलिकॉनचे होते. वाचकांना हसू येईल. आम्हांलाही प्रथम आलेच. पण त्या दिवशी पाटावरून उठलो तेव्हा आम्ही हसत नव्हतो.

शेजारच्या आजींनी ऐंशी ओलांडली आहे. गेली तीन वर्षे त्यांना स्मृतिभ्रंशाने ग्रासले आहे. पोटच्या मुलाला त्या ‘आपण कोणाकडे आलात?’ असे विचारतात. दिवे लागणीच्या सुमारास जीव घाबरा होतो, ‘घरी जायचे आहे’ म्हणून दार गाठतात. नातीने पुण्याहून ही बाहुली आणून त्यांच्या हाती दिली. वजन तान्ह्या मुलाएवढे, कातडीखाली निळसर शिरा, मुठी अर्धवट मिटलेल्या, डोक्यावर काळेभोर केस. आजींनी ती खांद्यावर घेतली आणि त्या संध्याकाळी दार गाठले नाही.

सिलिकॉनची माणसे आपल्या भागाला आता नवी राहिलेली नाहीत. कोप्पळच्या एका उद्योजकाने २०१७ साली मोटार अपघातात निवर्तलेल्या पत्नीचा पुतळा २०२० साली नव्या घराच्या वास्तुशांतीच्या वेळी बैठकीत बसवला. तो बंगळुरूच्या ‘गोंबे मने’च्या कारागिरांनी घडवला होता. गोंबे मने म्हणजे बाहुल्यांचे घर, हे सीमाभागातल्या वाचकांस सांगावयास नको. पुढे २०२१ साली सांगलीस एका मुलाने कोविडच्या साथीत गेलेल्या वडिलांचा असाच पुतळा घरी आणला. त्यांची छायाचित्रे पाहिली की दृष्टी प्रथम डोळ्यांकडे जाते, परंतु फसवतात ते केस. भुवई, मिशी, कपाळाची कड ही साधली नाही तर उत्तम घडवलेला चेहराही मुखवटाच वाटतो.

हे केस टोपासारखे चढवलेले नसतात, एकेक करून रोवलेले असतात. शिवणाची बारीक सुई घेऊन तिचे नेढे अर्धे कापले म्हणजे टोकाला दुबेळके तयार होते. त्यात एकदोन केस अडकवायचे आणि सुई तिरपी टोचायची. सरळ टोचली तर डोके कुंच्यासारखे दिसते. भोवऱ्यापासून आरंभ करून केस ज्या दिशेने फिरतात त्या दिशेने सुई फिरवायची. कपाळाकडे येता येता ते विरळ करायचे. सिलिकॉनला साधा डिंक धरत नाही, केस धरून ठेवते ती त्या पदार्थाची मिठी. डोके पोकळ असेल तर आतून सिलिकॉनचाच लेप देतात. केस कधी अंगोरा बकरीचे असतात, कधी कृत्रिम धाग्याचे. कृत्रिम धागा स्वस्त खरा, पण उष्णतेने आकसतो. आपल्याकडे पूर्वी गंगावन वनगाईच्या शेपटीच्या केसांचे असे. म्हणजे उसन्या केसांची कला आपल्यालाही अपरिचित नाही.

आजींनी एके दिवशी बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ठरवले, जावळ काढायचे. ‘वर्ष उलटत आले, अजून काढले नाही, लोक काय म्हणतील? मामाला बोलवा.’ त्यांच्या भावाला जाऊन पंचवीस वर्षे झाली. दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. तेव्हा मुलगा आमच्याकडे आला आणि खाली मान घालून म्हणाला, ‘गुरुजी, मामा व्हाल का?’

वस्तरा लावणे शक्य नव्हते. धार कातडीत उतरली असती. कात्रीने कापावे तर ताठ खुंट उरतात. नाभिक जुना, समंजस गृहस्थ. त्याने वाटीतले पाणी लावले, वस्तऱ्याची पाठ डोक्यावरून अलगद फिरवली, कात्रीने चार बटा कापून हळदकुंकवाच्या ताटात ठेवल्या आणि डोक्यावर कुंची चढवली. आजी आम्हांला म्हणाल्या, ‘दादा, उशीर केलास.’ आम्ही म्हणालो, ‘चुकले.’

खरे काम रात्री झाले. सून शिवणकाम करणारी, हाताची स्थिर. आजी झोपल्यावर दिव्याखाली चिमट्याने ती एकेक केस काढू लागली. केस ज्या तिरप्या वाटेने आत गेला त्याच वाटेने सावकाश ओढावा लागतो. पुंजका धरून ओढला तर एका छिद्रातून दुसऱ्या छिद्रात चीर धावते, टपालाच्या तिकिटांचे पान फाटावे तशी. चार रात्री लागल्या.

पंधरा दिवसांनी आजींनी कुंची उचलली. तळव्याने डोके चाचपले आणि चेहरा उतरला. ‘केस फुटत नाहीत कसे? तेल लावत नाही का तुम्ही?’

येथे आमच्या ध्यानात आले की बाहुली आणि बाळ यांत भेद एवढाच आहे. बाळाचे काढलेले परत येते. आपले सारे विधी त्याच भरवशावर उभे आहेत. जावळ काढतो ते दाट केस येतील म्हणून. वडील गेल्यावर मुलगा क्षौर करतो, आणि केस पुन्हा वाढतात तसतसे घर सावरत जाते. सिलिकॉनला हा भरवसा ठाऊक नाही.

मग सुनेने सुई घेतली. बोटभरही नाहीत असे आखूड केस आणून ती दर दोन-तीन रात्रींनी एकदोन ओळी रोवते. सकाळी आजी हात फिरवून म्हणतात, ‘येताहेत हं.’

वृद्धांच्या हाती बाहुली देणे म्हणजे त्यांना मूल लेखणे, असा आक्षेप परदेशी वृद्धाश्रमांतूनही घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. त्यांच्या मुलालाही ही फसवणूक बोचते. आम्ही त्याला उत्तर देऊ शकलो नाही. मात्र एका रात्रीची हकीकत सुनेने सांगितली ती येथे देतो. आजी अवचित जाग्या होऊन दारात उभ्या राहिल्या. सुनेच्या मांडीवर बाळ, हातात सुई. तिचा श्वास अडकला. ती म्हणाली, ‘टाळू भरते आहे, आई.’

आजी जवळ बसल्या. बाळाकडे न पाहता सुनेच्याच डोक्यावर त्यांनी हात ठेवला.

‘भर. पण तूही झोप आता. किती जागशील?’

तीन वर्षांत त्यांनी सुनेला ओळखल्याची ती पहिलीच खूण होती.