आडनावावरून माणूस जोखू नका
आडनाव ऐकताच जात ताडण्याची आपली सवय किती पोकळ आहे, हे एकट्या ‘जाधव’ आडनावातून दिसते. जिजाऊंचे वडील, सिंदखेडचे लखुजी जाधव; १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीचे कांस्य जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव; ‘आमचा बाप आन् आम्ही’मधून दलित कुटुंबाची झुंज मांडणारे अर्थतज्ज्ञ नरेंद्र जाधव. आडनाव एक; पण काळ, समाज, वाटा वेगळ्या. आडनावात घराण्याचा इतिहास असतो, असे कुणी म्हणेल. खरे आहे, पण तो त्या घराण्यापुरता, साऱ्या आडनावाचा नव्हे. शिवाय अंदाज बरोबर ठरला, तरी भाड्याचे घर वा नोकरी देताना त्यावरून निवाडा करणे हा अन्यायच. माणूस त्याच्या कामावरूनच जोखायला हवा.