‘उपद्रवी’ शिक्का पुसला, वडा-चिंचांचे काय?

गोंदिया : वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला तेव्हा फळखाऊ वटवाघळांना कावळे आणि उंदरांच्या पंक्तीला बसवून पाचव्या परिशिष्टात टाकण्यात आले होते. ‘उपद्रवी’ ठरल्याने त्यांना मारण्यास कुणाची आडकाठी नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीने हे परिशिष्टच रद्द झाले; १ एप्रिल २०२३ पासून ती अमलात आली. पन्नास वर्षांनी का होईना, शिक्का पुसला गेला.

गोंदियात या बदलाचे मोल मोहाच्या झाडाखाली कळते. मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. गंधाच्या मागावर आलेली वाघळे मांसल पाकळ्या खाताना परागीभवन करतात आणि पुढे फळे दूर नेऊन बीही टाकतात. मार्च-एप्रिलमध्ये टोपली घेऊन मोह वेचणाऱ्या कुटुंबांच्या मिळकतीत या निशाचराचा वाटा आहे. फळबागेतील नुकसान मात्र तेवढे चटकन डोळ्यांत भरते.

सव्वा ते दीड मीटर पंखविस्ताराचे आणि दीड किलोपर्यंत वजनाचे हे वाघूळ प्रतिध्वनीवर नव्हे, तर डोळे आणि नाकावर विसंबते. मादी वर्षाला एकच पिल्लू देते, तेही साधारण फेब्रुवारी ते मे या काळात. विदर्भाचा पारा ४५ अंशांकडे झेपावतो, तेव्हाच वसाहतीत लेकुरवाळ्या माद्या असतात. पंखांनी वारा घालणे, अंग चाटून ओले करणे, पाण्यावर झेपावून पोट भिजवणे हेच त्यांचे उपाय. जुन्या मालगुजारी तलावांचे पाणी येथे उपयोगी पडते.

केरळमध्ये २०१८ साली निपाहने १७ बळी घेतल्यापासून वाघळांची धास्ती वाढली. ती अगदीच निराधार नाही; हा विषाणू त्यांच्यात आढळतो. परंतु झाडे तोडून वसाहती उधळल्यास भेदरलेली वाघळे नव्या वस्त्यांकडे जातात. बांगलादेशात लागण खजुरीच्या कच्च्या रसातून झाली. तेथे मडकी झाकणे हा उपाय ठरला. उष्टी फळे न खाणे हे आपल्याकडेही सहज शक्य आहे.

खरा पेच झाडांचा आहे. २०१३ मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेर, गावकुसावरील आणि रस्त्याकडेच्या वड, चिंच, अर्जुनांवरही वाघळे पिढ्यान् पिढ्या लटकतात. राज्याचा १९७५ चा वृक्ष जतन कायदा नागरी क्षेत्रापुरताच आहे. रुंदीकरणाच्या कामांत निदान फेब्रुवारी ते मे एवढे महिने तरी वसाहतीच्या झाडांना हात लावू नये. त्या काळात अनेक पिल्लांना उडता येत नसते.