दात एक, डोस एक

इम्प्लांट करून रुग्ण दवाखान्यातून बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर वेदनाशामक गोळी आणि गुळण्यांचे औषध यांच्या जोडीला बहुधा अँटिबायोटिकही असते. कधी अमॉक्सिसिलिन पाचशे, दिवसातून तीनदा. कधी औषधाच्या दुकानात जिला नुसते ‘सहाशे पंचवीस’ म्हणतात ती गोळी, सकाळ-संध्याकाळ. मुदत पाच दिवस. रुग्णाला ताप नसतो, पू नसतो, संसर्गाचे एकही लक्षण नसते. गोळ्या ‘काही होऊ नये म्हणून’ असतात. काही होऊ नये म्हणून औषध देण्याला माझा विरोध नाही. पण अशा औषधाची वेळ शस्त्रक्रियेच्या आधीची असते आणि बहुतेकांना त्याचा एकच डोस पुरतो. पाच दिवसांच्या गोळ्या ही सवय आहे, उपचार नव्हे.

वेळेचा हा मुद्दा नवा नाही. जॉन बर्क या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९६१ साली गिनीपिगवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. जंतू कातडीत शिरण्याच्या सुमारास औषध तिथे हजर असेल, तर त्याचा उपयोग होत होता. तीन तास उलटल्यावर दिलेले औषध न दिल्यातच जमा होते. माणसांमध्येही तेच दिसले. सॉल्ट लेक सिटीतल्या एका रुग्णालयाने २,८४७ रुग्णांच्या नोंदी तपासून १९९२ साली निष्कर्ष मांडले. चीर घेण्याआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांपैकी ०.६ टक्के जणांच्या जखमेत संसर्ग झाला. चीर घेतल्यावर तीन तासांहून अधिक उशिरा ज्यांना औषध मिळाले, त्यांच्यात ते प्रमाण ३.३ टक्के होते. इम्प्लांटच्या बाबतीत तर हे अधिकच पटण्यासारखे आहे. टायटॅनियमच्या स्क्रूला रक्तपुरवठा नसतो. जंतू एकदा त्याच्या पृष्ठभागाला चिकटले आणि त्यांनी बुळबुळीत थर धरला, की रक्तातून येणारे औषध त्यांच्यापर्यंत धड पोहोचत नाही. टाके घालून झाल्यावर संध्याकाळी सुरू केलेली पहिली गोळी म्हणजे वरातीमागून घोडे.

आता खास इम्प्लांटबद्दलचा पुरावा. कॉक्रेन या संस्थेने २०१३ साली सहा चाचण्या आणि १,१६२ रुग्ण यांचा एकत्रित आढावा घेतला. अँटिबायोटिक न घेतलेल्या शंभरांपैकी साधारण सहा जणांचे इम्प्लांट निकामी होते असे धरले, तर घेतलेल्यांमध्ये ही संख्या दोनवर येते. म्हणजे पंचवीस जणांनी औषध घ्यावे, तेव्हा एकाचे इम्प्लांट वाचते. आढावाकारांनी सुचवलेली मात्रा होती शस्त्रक्रियेच्या तासभर आधी दोन ग्रॅम अमॉक्सिसिलिन, पाचशेच्या चार कॅप्सूल, एकदाच. शस्त्रक्रियेनंतर पुढे गोळ्या चालू ठेवल्याने काही फायदा होतो का, याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. गंमत अशी की त्याच आढाव्यात प्रत्यक्ष संसर्गाच्या प्रमाणात मात्र ठाम फरक दिसला नव्हता. इम्प्लांट वाचत होते, पण नेमके कशापासून, हे स्पष्ट होत नव्हते. पुढे स्वीडनमध्ये, म्हणजे ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले त्याच देशात, ४७४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा एक डोससुद्धा फारसा उपयोगी ठरला नाही. धडधाकट माणसाच्या एका साध्या इम्प्लांटला तोही बहुधा टाळता येईल, असे संशोधकांचे मत पडले. तेव्हा खरा वाद उरला आहे तो एक डोस की शून्य, एवढाच. मधुमेह आटोक्यात नसेल, हाड भरावे लागणार असेल, एकाच बैठकीत अनेक इम्प्लांट बसवायचे असतील, तर मी एका डोसच्या बाजूने झुकेन.

यावर दंतवैद्यांचा पहिला आक्षेप पैशांचा असतो. रुग्ण हजारो रुपये मोजतो, मग शंभर-दोनशेच्या गोळ्यांसाठी धोका का पत्करायचा? भीती समजण्यासारखी आहे. निकामी इम्प्लांटचा दोष शेवटी डॉक्टरच्याच माथी येतो. पण इम्प्लांट जंतूंमुळेच ढिले पडते असे नाही. ड्रिल करताना हाड ४७ अंश सेल्सिअसच्या वर मिनिटभर तापले, तरी ते मरू लागते. त्यावर इलाज आहे धारदार ड्रिल आणि सलाइनची धार. धूम्रपान, हिरड्यांचा जुना आजार, बेताबाताचे निर्जंतुकीकरण यांतले काहीही गोळीने भरून निघत नाही. उलट गोळी दिली की सगळी काळजी घेतल्याचे समाधान तेवढे मिळते. आणि जोखमीचाच हिशेब करायचा, तर ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे त्यांच्याकडे पाहावे. दाताच्या उपचारातून रक्तात उतरलेले जंतू त्यांच्या जिवावर बेतू शकतात. त्यांच्यासाठीही अमेरिकन हार्ट असोसिएशन काय सांगते? उपचाराच्या अर्धा ते एक तास आधी दोन ग्रॅम अमॉक्सिसिलिन, एकदाच. झडपेला एक डोस पुरतो आणि दाढेला पाच दिवस लागतात, हे तर्काला धरून नाही.

दुसरा आक्षेप रुग्णाकडून येतो: अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडू नये, असे तुम्हीच सांगता ना? सांगतो, पण ते झालेल्या आजाराबद्दल. इथे आजारच नाही, त्यामुळे अर्धवट सुटायलाही काही नाही. तिसरा आक्षेप असा, की कोंबड्यांना आणि जनावरांना इतकी अँटिबायोटिक्स दिली जातात, त्यात माझ्या पंधरा कॅप्सूलची काय कथा? त्या पंधरा कॅप्सूलचा परिणाम दूर कुठे नाही, तर गोळ्या घेणाऱ्याच्याच शरीरात होतो. एका कोर्सनंतर त्याच माणसात औषधाला न जुमानणारे जंतू वर्षभरापर्यंत आढळू शकतात, असे अभ्यास सांगतात. उद्या त्यालाच मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, तर हाताशी असलेले साधे औषध चालेलच असे नाही. जुलाब, अंगावर पुरळ, क्वचित जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी हे वेगळेच. पेनिसिलिन न चालणाऱ्यांना पूर्वी सर्रास दिले जाणारे क्लिंडामायसिन तर हार्ट असोसिएशनने २०२१ साली यादीतूनच काढले. त्याचे दुष्परिणाम अधिक गंभीर निघाले.

ही सवय फक्त आपल्याकडचीच नाही. अमेरिकेतल्या दंतोपचारांआधी प्रतिबंधक म्हणून दिलेल्या अँटिबायोटिक्सची तपासणी २०१९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे ८१ टक्के चिठ्ठ्या तिथल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनावश्यक ठरल्या. त्या २०१९ या एकाच वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगभरात थेट १२.७ लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. आपल्या आरोग्य सेवा महासंचालकांनी जानेवारी २०२४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालये आणि डॉक्टरांच्या संघटनांना पत्र पाठवून अँटिबायोटिक लिहून देताना त्याचे नेमके कारणही चिठ्ठीवर नोंदवावे, असे सांगितले. शस्त्रक्रियेआधीच्या एका डोसपुढे ‘इम्प्लांट, हाड भरले आहे, मधुमेह’ असे काहीतरी लिहिता येईल. दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या गोळीपुढे काय लिहायचे?