मासा, मशीन आणि आपण

गेल्या सेमिस्टरला माझ्या सेमिनारचा विषय होता अल्ट्रासाऊंड. (मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा मराठी गोड मानून घ्या!) सगळेजण हार्ट नाहीतर किडनी दाखवतात, म्हणून मी मासा घेतला.

स्टर्जन माशाच्या अंड्यांना कॅव्हिअर म्हणतात. ती प्रचंड महाग. पण मादीला अंडी धरायला कित्येक वर्षं लागतात आणि तोवर नर कोणता, मादी कोणती, हे बाहेरून कळत नाही. मग नरांना फुकट कशाला पोसायचं? म्हणून मत्स्यशेतीवाले मासा तीन-चार वर्षांचा झाला की त्याच्या पोटावर प्रोब फिरवून बघतात. मादी असेल तर परत पाण्यात, नर असेल तर मांसासाठी बाजारात.

मागच्या बाकावरून आवाज आला, "आपल्याकडे याच्या उलटं!" वर्ग हसला. मीसुद्धा हसले. पण रूमवर आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना.

कारण ते खरंच आहे. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. आणि गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा आपल्या राज्याने देशाच्याही आधी, १९८८ मध्येच केला होता!

तिलापिया माशात नर झपाट्याने वाढतो, म्हणून तिथे पिल्लांना हार्मोनचं खाद्य देऊन सगळे नरच करतात. म्हणजे कुठे मादीला भाव, कुठे नराला. बाजार ठरवेल तसं. माशांचं ठीक आहे, तो धंदाच आहे. पण मुलीचा भाव कोण ठरवतं?

"मशीनचा काय दोष?" असं आपण इंजिनीअर लोक पटकन म्हणतो. पण २००३ च्या दुरुस्तीपासून नोंदणी नसलेल्याला सोनोग्राफी मशीन विकणं हासुद्धा गुन्हा आहे. म्हणजे "आम्ही फक्त बनवतो, विकतो" एवढं म्हणून सुटका नाही.

आणि ज्यांचा मशीनशी संबंध येणार नाही त्यांचं काय? मित्रांनो, प्लेसमेंट झाली की पॅकेज बघून घरी हुंड्याचा आकडा ठरतो, हे आपल्याला माहीत नाही का? मुलगी म्हणजे खर्च, हा हिशोब तिथूनच सुरू होतो. तेव्हा "घरच्यांनी ठरवलं" म्हणून गप्प बसू नका. माशाला कोणी विचारत नाही. तुम्हाला विचारतील, तेव्हा सरळ नाही म्हणा.