अक्काच्या गुडघ्याचा भाव

बँकेतल्या सदतीस वर्षांत मी जितक्या कादंबऱ्या वाचल्या, त्याहून अधिक कोटेशने वाचली. ट्रॅक्टरची, पंपसेटची, संकरित गाईंची, द्राक्षबागेच्या अँगलची. रीत ठरलेली होती. तीन विक्रेत्यांची तीन कोटेशने, त्यांचा एका कागदावर तक्ता आणि तळाशी साहेबांची सही. सही करण्यापूर्वी मी समासात लाल शाईने एकच प्रश्न लिहीत असे, ‘यात काय काय धरले आहे?’ पंपसेटच्या किमतीत पाइप आहे का, ट्रॅक्टरच्या किमतीत विमा आणि पासिंग आहे का, गाईबरोबर वासरू आहे का. हा प्रश्न निवृत्तीनंतर पुन्हा विचारावा लागेल, आणि तोही सख्ख्या बहिणीच्या गुडघ्याबद्दल, असे काही वाटले नव्हते.

अक्का पिंपळवंडीला असते. पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव सोडून आळेफाट्याकडे जाताना लागणारे, कुकडीच्या अंगाचे हे गाव. ती तिथे नांदायला गेली त्याला बावन्न वर्षे झाली. तेव्हा शेतात बाजरी आणि मठ-हुलगा असे. मग येडगावचे धरण झाले, पाणी आले, ऊस आला, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे आली. पाण्याने जुन्नर तालुक्याची कळा पालटली हे खरे, पण त्या पाण्याने बायकांचे उकिडवे बसणेही वाढवले, याचा हिशेब कुणी मांडला नाही. कांद्याची लागण उकिडव्याने, खुरपणी उकिडव्याने, काढणी आणि निवडणीही तशीच. अक्काने पन्नास वर्षे ते केले. आता ती सत्तर ओलांडून गेली आहे आणि तिचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकले आहेत. ओट्यावरून अंगणात उतरायचे तर ती भिंत धरून आडवी उतरते, खेकडा चालतो तशी.

गेल्या उन्हाळ्यात भाच्याचा फोन आला, ‘मामा, डॉक्टर म्हणतात दोन्ही वाट्या बदलाव्या लागतील. बायकोचं सोनं पतसंस्थेत ठेवतो. तुम्ही फक्त कुठं करायचं ते सांगा.’

आपल्याकडे ही शस्त्रक्रिया घरोघर ठाऊक झाली ती अटलबिहारी वाजपेयींमुळे. २००० च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला, पुढच्या वर्षी उजवा. न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत यांचे नाव तेव्हा पारावरही घेतले जात होते. त्या वेळी हा थोरामोठ्यांचा उपचार वाटे. आज पिंपळवंडीच्या एका आळीत तीन बायका गुडघे बदलून आलेल्या आहेत आणि प्रत्येकीने दिलेली रक्कम वेगळी आहे. सोने ठेवण्याआधी मला आठ दिवस दे, असे मी भाच्याला सांगितले, आणि जुनी सवय बाहेर काढली.

चार ठिकाणी गेलो. पहिले आमच्याच पट्ट्यातले छोटे रुग्णालय. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर पुण्याहून ठरल्या वारी येतात. एका गुडघ्याचे १ लाख ६५ हजार. दुसरे चाकणच्या बाजूचे, २ लाख १० हजार. तिसरे पुण्यातले धर्मादाय न्यासाचे मोठे रुग्णालय. तिथे जनरल वॉर्डात १ लाख ९० हजार आणि स्वतंत्र खोलीत २ लाख ८५ हजार. चौथे काचेच्या इमारतीतले, रोबोच्या साहाय्याने, ३ लाख ८० हजार. सगळे आकडे एका गुडघ्याचे. भाच्याने पहिल्या आकड्यावर बोट ठेवले. कर्जदार नेहमी सर्वांत लहान आकड्यावर बोट ठेवतो, आणि खरे सांगायचे तर माझेही बोट तिकडेच निघाले होते.

मग लाल शाईचा प्रश्न विचारला. पहिल्या ठिकाणच्या पॅकेजात तपासण्या नव्हत्या, त्यांचे आठ हजार. औषधे आणि इतर सामान बाहेरून, ते बावीस हजार. व्यायाम करवून घेणारे फिजिओथेरपिस्ट वेगळे, नऊ हजार. पॅकेज तीन दिवसांचे, आणि अक्काच्या वयाला पाच दिवस लागतील असे डॉक्टरच म्हणाले. वरच्या दोन दिवसांचे आठ हजार. बेरीज झाली २ लाख १२ हजार. चाकणच्या २ लाख १० हजारांत हे सगळे होते. म्हणजे सर्वांत स्वस्त म्हणून ज्यावर बोट ठेवले, ते दोन हजारांनी महाग निघाले. यात लबाडी कुणाचीच नव्हती. एकाने गाईची किंमत सांगितली होती, दुसऱ्याने गाय-वासराची, एवढेच.

धर्मादाय रुग्णालयातल्या दोन आकड्यांनी मला जास्त छळले. तोच डॉक्टर, तेच शस्त्रक्रियागृह, तोच सांधा. फरक खाटेचा. पण खाटेचे भाडे वाढले एवढ्याने ९५ हजार होत नाहीत. खोली बदलली की शस्त्रक्रियेची फी, भूल देणाऱ्यांची फी आणि इतर आकारही चढतात, असे खिडकीवरच्या मुलीने समजावले. स्वतंत्र खोलीतला माणूस जनरल वॉर्डातल्याचा भार उचलतो, असा युक्तिवाद यावर करता येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. पण मग तसे लिहून सांगावे. गुडघ्याला कुठे कळते की आपण कोणत्या खाटेवर पडलो आहोत?

आता सांध्याच्या किमतीकडे येऊ, कारण तिथे सरकारने एक मोठे काम केले आहे. मांडीच्या हाडावर बसणारा धातूचा भाग, नडगीवर बसणारा भाग, दोहोंमध्ये प्लॅस्टिकची चकती आणि जरूर पडली तर वाटीचा तुकडा, असा हा संच असतो. १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने त्याच्या कमाल किमती ठरवून दिल्या. कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा संच तोवर सरासरी १ लाख ५८ हजार ३२४ रुपयांना रुग्णाच्या माथी बसत होता, तो ५४ हजार ७२० वर आणला. टायटॅनियमसारख्या विशेष धातूचा २ लाख ४९ हजार २५१ चा संच ७६ हजार ६०० वर आला. वर वस्तू व सेवा कर. पुढे या मर्यादेला मुदतवाढ मिळत गेली आणि आकडे थोडेफार हलले. बिलात सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळा दाखवला पाहिजे, असेही बंधन आहे. हा कागद मागून घ्यावा. मागायला लाज कसली? पंपसेटचे वॉरंटी कार्ड आपण मागतोच ना.

पण सांधा एक लाखाने उतरला तर शस्त्रक्रिया एक लाखाने उतरायला हवी होती. आळीतल्या बायकांच्या बिलांवरून तरी तसे दिसत नाही. पाण्याला एका चारीत बांध घातला की ते दुसरीकडून वाट काढते. माझा तर्क असा की सांध्याचा नफा गेला तो ‘शस्त्रक्रियागृह आकार’, ‘किरकोळ साहित्य’, ‘तंत्रज्ञान आकार’ अशा रकान्यांत जाऊन बसला. तर्कच तो, पण बँकेत व्याजदर उतरले की प्रोसेसिंग फी कशी चढते हे मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलेले आहे.

अक्काने मात्र आकड्यांत लक्ष घातले नाही. मी तक्ता वाचून दाखवत होतो, ती लसूण सोलत होती. मध्येच म्हणाली, ‘ते लाखाचं राहू दे. मला खाली बसता येईल का, तेवढं इचारलंस का?’

नव्हते विचारले. चार ठिकाणी फिरलो, सतरा रकाने भरले आणि हा प्रश्न माझ्या तक्त्यात नव्हता. अक्काला धार काढायची असते, देवापुढे बसायचे असते, शेजारणीच्या ओसरीवर पापड लाटायला बसायचे असते. तिचे सारे जग जमिनीपासून वीतभर उंचीवर आहे. मी पुन्हा फोन केले. एका ठिकाणी खिडकीवरच्या माणसाने उत्साहाने सांगितले, खाली बसता येईल असा ‘हाय-फ्लेक्स’ सांधा आहे, चाळीस हजार जास्त पडतील. मी २०१७ चा आदेश काढून पाहिला. त्यात हाय-फ्लेक्सची मर्यादा होती ५६ हजार ४९०. नेहमीच्या सांध्याहून १ हजार ७७० रुपये जास्त. चाळीस हजार कुठून आले, याचे उत्तर फोनवर मिळाले नाही. त्याच रुग्णालयातल्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मात्र भेटीत स्वच्छ सांगितले, ‘आजी, चालाल, जिने चढाल, देवदर्शनाला जाल. पण उकिडवं बसायचं नाही. सांधा कुठलाही घाला.’ अक्काने मान हलवली. मला वाटते, बाकीच्या सगळ्या आकड्यांपेक्षा ही किंमत तिला मोठी वाटली असेल.

पैशाचे आणखी दोन रस्ते होते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०१२ मध्ये दुसऱ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे, कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत. कागदावर छान आहे. पण यादीतली प्रत्येक शस्त्रक्रिया प्रत्येक रुग्णालयात होत नाही. आम्ही विचारले त्यांतल्या दोघांनी ‘गुडघे योजनेत करत नाही’ एवढेच सांगितले. म्हणून आधी योजनेच्या आरोग्यमित्राला गाठावे, मग रुग्णालयाला. दुसरा रस्ता धर्मादाय रुग्णालयांचा. सार्वजनिक न्यास कायद्याच्या ४१ कक या कलमाखाली, उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, त्यांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. दुर्बल घटकांकडून औषधे आणि सांध्यासारख्या वस्तूंची खरेदी-किंमतच घ्यायची असते. भाच्याला हे ठाऊकच नव्हते, आणि खिडकीवर आपणहून कुणी सांगितले नाही. वैद्यकीय समाजसेवकांची खोली तळमजल्यावर, जिन्यामागे होती. ती शोधायला आम्हाला तिसऱ्या खेपेपर्यंत वेळ लागला. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधार असे कागद जुन्नरला खेटे घालून जमवले. उत्तर मिळाले, खाट रिकामी झाली की कळवू.

माझे म्हणणे फार मोठे नाही. २०२१ पासून महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि पंधरा बाबींचे दरपत्रक दर्शनी भागात लावावे लागते. चार ठिकाणांपैकी दोन ठिकाणी मला ते दिसले, त्यातले एक झाडाच्या कुंडीमागे. पण खाटेचे भाडे आणि तपासणी फी वाचून अक्काला काय कळणार? तिला एक गुडघा एकूण कितीला पडेल हे हवे आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर एक ठरावीक नमुन्यातला तक्ता देणे बँकांना बंधनकारक केले. त्यात सगळे आकार मिळवून खरा वार्षिक दर एका ओळीत लिहावा लागतो. माझ्या नोकरीत ही पद्धत असती तर आम्ही कुरकुर केली असती, पण ती बरोबर आहे. चाळीस हजारांच्या शेळीच्या कर्जाला असा तक्ता मिळतो आणि दोन लाखांच्या गुडघ्याला मात्र पॅडच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला आकडा. ठरवून करायच्या शस्त्रक्रियांना तरी, जिथे रुग्ण रक्तबंबाळ होऊन दारात पडलेला नसतो, असा एक नमुना का नसावा? काय धरले, काय नाही, किती दिवस, सांधा कुठला आणि केवढ्याचा, खोली बदलली तर काय बदलेल. छोट्या रुग्णालयांना हे जाचेल असे म्हणतात. मला उलट वाटते. त्यांचाच खर्च खरोखर कमी असतो, तो त्यांना दाखवता येईल.

सहा आठवड्यांनी धर्मादायच्या समाजसेवकांचा फोन आला. सवलतीतली खाट मिळाली, एका गुडघ्यासाठी. दुसरा गुडघा सहा महिन्यांनी पाहू, तोवर मांडीचे व्यायाम करायला सांगितले आहेत. अक्का भिंतीला टेकून, पायाखाली गुंडाळलेली चादर घेऊन, मोजून वीस वेळा गुडघा दाबते आणि मध्येच कुणी बोलले की पुन्हा एकपासून सुरू करते. सोने कपाटातच आहे. दिवाळीनंतरची तारीख ठरली आहे.

दरम्यान भाच्याने परसातल्या संडासात उंच भांडे बसवायचे ठरवले आणि धार काढायला एक बुटके स्टूल करायला टाकले. स्टुलावर बसून धार काढली तर गाय ओळखणार नाही, असे अक्काचे म्हणणे आहे. भांड्यासाठी गवंडी येऊन माप घेऊन गेला. मी सवयीने विचारले, ‘यात काय काय धरलंय?’ तो म्हणाला, ‘भांडं तुमचं, सिमेंट तुमचं, वाळू तुमची. माझी मजुरी तेवढी.’ भाच्याने पाकिटावर लिहून घेतले.