वायफाय नंतर, आधी पॉवर पॉइंट विचारा!

नवीन फ्लॅट बघायला गेलात की तुम्ही काय विचारता? डिपॉझिट किती, पाणी किती वेळ येतं, वायफाय आहे का, रात्री उशिरा आलं तर चालतं का. मीही हेच विचारलं होतं. किचनमध्ये पॉवर पॉइंट किती, हे विचारायचं सुचलंच नाही. त्याची किंमत म्हणजे एक वितळलेला एक्स्टेन्शन बोर्ड, काळी पडलेली टाईल आणि रात्री साडेअकरा वाजता आम्हा चौघींची उडालेली घाबरगुंडी.

झालं असं, की आमच्या किचनमध्ये मोठा पॉइंट एकच. गॅस कनेक्शनची कटकट नको म्हणून स्वयंपाक इंडक्शनवर. पॉइंटमध्ये एक्स्टेन्शन बोर्ड, बोर्डवर कन्व्हर्टर, कन्व्हर्टरमध्ये इंडक्शनचा जाड पिनांचा प्लग आणि शेजारी केटल. परीक्षेचे दिवस, एकीकडे मॅगी, एकीकडे कॉफीचं पाणी. जळका वास आला तेव्हा आम्हाला वाटलं, मॅगीच लागली!

‘मग एमसीबी का नाही पडली?’ हा आमचा पहिला प्रश्न. उत्तर शाळेच्या विज्ञानात आहे. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. २००० वॅटचं इंडक्शन म्हणजे साधारण ८.७ अँपिअर, १५०० वॅटची केटल म्हणजे ६.५. बेरीज १५.२. एमसीबी होती १६ अँपिअरची, तिच्या दृष्टीने सगळं ठीक होतं. पण मधला बोर्ड होता ६ अँपिअरचा! एमसीबी भिंतीतल्या वायरची राखण करते, तुम्ही दुकानातून आणलेल्या बोर्डची नाही. शिवाय उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट अडीच पट झाला तर उष्णता सहा पट. कन्व्हर्टर फक्त भोकाचा आकार बदलतो, आतली वायर तेवढीच बारीक राहते.

आता तुम्ही म्हणाल, हे वायरमनचं काम, आपल्याला काय करायचंय? जोडणी वायरमनचंच काम आहे, आणि परवाना असलेल्याच वायरमनचं. यूट्यूब बघून स्वतः वायर सोलायला बसू नका. पण काय मागायचं हे तरी आपल्याला माहीत हवं ना?

किचनमधल्या प्रत्येक वस्तूला वेगळी लाइन लागत नाही. चिमणी, वॉटर प्युरिफायर साध्या पॉइंटवर आरामात चालतात. इंडक्शन, ओव्हन, गीझर, डिशवॉशर या भूक मोठी असलेल्या वस्तू. यातल्या ज्या कायमच्या बसवायच्या, त्यांना डीबीपासून स्वतंत्र वायर हवी, साधारणपणे ४ एमएमची, आणि त्या वायरला साजेशी स्वतंत्र एमसीबी. स्विच हात सहज पोहोचेल असा हवा, शेगडीच्या डोक्यावर किंवा सिंकला चिकटून नको. ओल्या हातांची जागा आहे ती! म्हणून अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीही हवी. एमसीबी वायर वाचवते, आरसीसीबी माणूस वाचवते. आणि ‘एमसीबी सारखी पडते, मोठी टाकून देतो’ असं कोणी म्हणालं तर हात जोडून नाही म्हणा. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी केली तर राखण करणाराच झोपला.

आमच्या घरमालकांचं म्हणणं होतं, ‘अकरा महिन्यांसाठी एवढा खर्च कशाला?’ त्यांची बाजू मला कळते. भाडेकरू येतात, जातात. पण वायर जात नाही, ती त्यांच्याच भिंतीवर राहते. भिंत फोडायचीही गरज नाही, केसिंग पट्टीतून नवी लाइन नेता येते. आणि आग लागली तर ती करारनामा वाचून कोणाचं नुकसान करायचं हे ठरवणार आहे का?

चूक आमचीही होती. आठवडाभर तो प्लग गरम लागत होता. आम्ही ‘चालतंय ना’ म्हणत चहा करत राहिलो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. फ्लॅट सुरक्षित देणं ही घरमालकाची जबाबदारी, पण लोड किती हे त्यांना सांगणं आणि सोय होईपर्यंत एका वेळी एकच वस्तू चालवणं ही आपली.

डिपॉझिट भरण्याआधी तीन गोष्टी बघा. किचनमध्ये मोठे पॉइंट किती, डीबीत टेस्ट बटण असलेली आरसीसीबी आहे का, आणि अर्थिंग वायरमनकडून तपासलंय का. ब्रोकर हसेल, हसू दे.

आणि आज रूमवर गेलात की इंडक्शन चालू असताना प्लगजवळ हात नेऊन बघा. गरम लागला, तर आधी भिंतीवरचा स्विच बंद करा. मॅगी दोन मिनिटं थांबेल.