विश्लेषण : अभियांत्रिकीच्या जागा वाढल्या, पण कोणत्या?

राज्यात अभियांत्रिकी पदवीच्या जागा आता दोन लाखांच्या घरात आहेत. प्रवेशफेऱ्या संपल्या की किती जागा रिक्त राहिल्या याची चर्चा दरवर्षी होते. खरा प्रश्न वेगळा आहे : जागा कोणत्या शाखेत वाढल्या आणि कोणत्या शाखेत आटल्या?

जागा कशा वाढल्या?

वसंतदादा पाटील यांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडले. पुढे महाविद्यालये उदंड झाली, विद्यार्थी मिळेनासे झाले. म्हणून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२० मध्ये नव्या महाविद्यालयांना मनाई केली. ती २०२३ मध्ये उठली. २०२४-२५ पासून तर चांगल्या कामगिरीच्या संस्थांसाठी शाखेतील प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादाही हटली.

परिणाम काय?

नामांकित संस्थांनी संगणक, कृत्रिम बुद्धिमत्ता, विदा विज्ञान या शाखांत जागा वाढवल्या. पुण्या-मुंबईत जागा मिळत असेल, तर विद्यार्थी जिल्ह्याच्या ठिकाणी का थांबेल? तेथील महाविद्यालयांत स्थापत्य आणि यंत्र अभियांत्रिकीचे वर्ग ओस पडतात, मग शाखाच बंद होते.

यात चूक काय?

मागणी तसा पुरवठा, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण ही मागणी बारावीच्या मुलाने यंदाचे पगार पाहून केलेली असते. तो नोकरीच्या बाजारात उतरतो चार वर्षांनी. शिवाय जागा कागदावर वाढते, शिक्षक वाढत नाही. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, हे परिषदेचेच प्रमाण. एका शाखेत २४० जागा वाढल्या, तर चार वर्षांत ९६० विद्यार्थी आणि ४८ शिक्षक हवेत. ते आणणार कुठून? उलट बंद झालेल्या शाखेची कार्यशाळा भंगारात जाते, अनुभवी प्राध्यापक पांगतात. उद्या पूल, धरणे, कारखान्यांसाठी अभियंते हवे झाले, तर ती शाखा एका आदेशाने उभी राहणार नाही.

उपाय काय?

जागावाढ देण्यापूर्वी शिक्षक नेमले आहेत का, हे पाहावे. मूळ शाखा सांभाळणाऱ्या संस्थेलाच वाढ द्यावी. आणि कोणत्या शाखेतून किती जणांना, कोणती नोकरी लागली, हे प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेशापूर्वी जाहीर करावे. निदान घर गहाण ठेवून शुल्क भरणाऱ्या पालकाला आपण नेमके काय विकत घेतो आहोत, हे तरी कळेल.